दोरी ओढल्यानंतरचं मिनिट

मागावर ताण्याचा एक धागा तुटला तर काय होतं, हे इचलकरंजीत, मालेगावात किंवा भिवंडीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साधा यंत्रमाग धागा तुटला म्हणून थांबत नाही. तो खडखडत राहतो, कापड गुंडाळलं जात राहतं आणि विणकराची नजर तिथे जाईपर्यंत कापडात उभी फट पडत गेलेली असते. म्हणून मागांच्या रांगेत माणूस उभा करावा लागतो. त्याचं निम्मं काम यंत्र चालवण्याचं नसून यंत्र चुकतंय का हे पाहण्याचं असतं. जपानमध्ये एका सुताराच्या घरी १८६७ साली जन्मलेल्या साकिची तोयोदा यांनी आपल्या आईला हातमागावर राबताना पाहिलं होतं. १८९६ साली त्यांनी यंत्रमाग तयार केला, आणि बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबेल अशी सोय त्यात केली. त्यानंतर सुधारणा करत करत १९२४ साली त्यांचा प्रसिद्ध ‘जी’ प्रकारचा माग आला. त्यात धोटा माग न थांबता बदलला जाई, पण धागा तुटला की माग जागच्या जागी उभा राही. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे जगाला माग विकणाऱ्या कंपनीने, १९२९ साली या मागाचे हक्क विकत घेतले. या शोधात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यामागची दृष्टी. चूक झाल्यावर थांबता येणं हा यंत्राचा गुण आहे, दोष नव्हे, असं या माणसाने मानलं. चांगलं यंत्र म्हणजे न थांबणारं यंत्र, असाच सर्वसाधारण समज असतो.

साकिचींच्या मुलाने, किइचिरो यांनी, पुढे मोटारींचा कारखाना काढला आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. त्या कारखान्यात मागाची ही दृष्टी माणसांच्या हाती गेली. गाड्यांची जुळणी होते त्या लाइनच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. हाताखालून पुढे सरकणाऱ्या गाडीत काही चुकलेलं दिसलं, बोल्ट नीट बसला नाही, भाग आला नाही, किंवा नुसती शंका आली, तरी कामगाराने ती ओढायची. पाहुण्यांना वाटतं, दोरी ओढली की लाइन थांबते. तसं होत नाही. दोरी ओढली की एक धून वाजते, वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो, आणि चार-सहा जणांच्या गटाचा जो प्रमुख असतो तो तिथे येतो. गाडी त्या कामगाराच्या हद्दीतून बाहेर पडायला साधारण मिनिटभर लागतं. तेवढ्यात अडचण सुटली तर प्रमुख पुन्हा दोरी ओढतो, दिवा विझतो आणि लाइन चालूच राहते. सुटली नाही तरच लाइन थांबते. या मिनिटात काय घडतं याकडे मी वाचकाचं लक्ष वेधू इच्छितो. प्रमुख धावत येतो, कारण त्याला स्वतःची अशी जागा सांभाळायची नसते. कुणी बोलावलं की जाणं हेच त्याचं काम. आल्यावर तो काय झालं एवढंच विचारतो. कुणी केलं, हा प्रश्न तो काढत नाही.

कामाच्या ठिकाणी नवं काही सुचणं आणि ते रुजणं हे सगळं या एका मिनिटावर अवलंबून असतं, असं माझं म्हणणं आहे, आणि या प्रकरणात मला तेच मांडायचं आहे. नवी कल्पना नवी कल्पना म्हणून जन्माला येत नाही. ती आधी कुरकुर म्हणून येते: हे नीट बसत नाही, हा फॉर्म दोनदा भरावा लागतो, पेशंट इथे येऊन नेहमी चुकीच्या दारात शिरतात. ही कुरकुर ऐकली गेली तर तिच्यातून पुढे उपाय निघतो, उपायातून पद्धत, आणि क्वचित एखादी नवी वस्तू. ‘आत्ता डिस्पॅच बघ, बाकीचं नंतर’ असं उत्तर मिळालं, तर पुढचं काहीच घडत नाही. आणि ते घडलं नाही याची नोंदही कुठे राहत नाही, हे जास्त वाईट. साहेबांना वाटत राहतं की आपल्या लोकांना काही सुचतच नाही.

सुचत नाही असं वाटलं, की मग सुचवण्याचे कार्यक्रम होतात. अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी सगळ्यांनी एकत्र बसून, टीका न करता, भराभर कल्पना मांडण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि त्यांच्या १९५३ च्या पुस्तकानंतर ती जगभरच्या कचेऱ्यांत पोचली. पाचच वर्षांत, १९५८ साली, येल विद्यापीठात तिची चाचणी झाली. एकत्र बसलेल्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून काढलेल्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. नंतरच्या संशोधनातूनही हेच निघालं, आणि एक साधं कारण पुढे आलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. अशा बैठका घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. पण वर्षाचे तीनशे दिवस ज्याला ‘सांगितलंय तेवढं कर’ ऐकावं लागतं, तो एका दिवशी रंगीत कागद भिंतीवर चिकटवून मन मोकळं करील, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावच्या एका कारखान्याचा आहे. सामाजिक शास्त्रांत प्रयोगशाळेसारखा प्रयोग सहसा करता येत नाही: माणसं तीच, जागा तीच, फक्त कारभाराची पद्धत बदलली, असं प्रत्यक्षात होत नाही. फ्रीमाँटला ते जवळजवळ झालं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ साली बंद झाला तेव्हा तो कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत गणला जाई. पाचापैकी एक कामगार गैरहजर असे, काही सोमवारी लाइन सुरू करायलाही माणसं पुरत नसत. अचानक संप, दारू, मुद्दाम केलेली खराबी, सगळं होतं. काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही हा तिथला नियम. त्यामुळे उलटा बसवलेला भाग दिसला तरी गाडी पुढे जाई आणि शेवटी दुरुस्तीच्या आवारात जाऊन उभी राही. मग जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून हाच कारखाना पुन्हा चालवायचं ठरवलं. त्याचं नाव ‘नूमी’. डिसेंबर १९८४ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. कामावर घेतलेल्यांत ८० टक्क्यांहून जास्त जुनेच कामगार होते, संघटना तीच होती, तिचे लढाऊ म्हणून ओळखले जाणारे पुढारीही होते. यंत्रं काही फार आधुनिक नव्हती. जनरल मोटर्स त्याच काळात इतरत्र यंत्रमानवांवर अब्जावधी डॉलर घालत होती. शेकडो गटप्रमुखांना जपानला नेऊन टोयोटाच्या लाइनवर उभं करण्यात आलं. तिथे त्यांनी दोरी ओढली आणि कुणीतरी मदतीला धावत आलं. दोन वर्षांच्या आत नूमीच्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या जवळ पोचला आणि गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. टोयोटाच्या वतीने तिथे काम केलेले जॉन शूक यांनी नंतर लिहिलं, त्याचा आशय असा: आधी माणसांचे विचार बदलायचे आणि मग वागणूक बदलेल, असं झालं नाही. रोजच्या वागण्याची रीत बदलली, आणि विचार तिच्या मागून आले.

अभ्यासक पॉल अ‍ॅडलर यांनी १९९३ साली या कारखान्यावर जे लिहिलं, त्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याच्या आहेत. पहिली, कामगारांच्या सूचनांची. १९८६ साली साधारण चौथा हिस्सा कामगार सूचना देत होते. १९९१ पर्यंत दहातले नऊ जण देऊ लागले. त्या एका वर्षात दहा हजारांहून जास्त सूचना आल्या आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त अमलात आल्या. फ्रीमाँटच्या लोकांना काही सुचत नाही असा ज्यांचा समज होता, त्यांना या आकड्यांनी उत्तर दिलं. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते, कारण ती एका लाडक्या समजुतीला धक्का देते. शिस्त आणि नियम यांनी सर्जनशीलता मरते, असं आपण धरून चालतो. नूमीत प्रत्येक हालचाल ठरलेली होती: कोणत्या हाताने भाग उचलायचा, किती पावलं टाकायची, किती सेकंद. इतकं काटेकोर काम जुन्या कारखान्यातही ठरवलेलं होतं, पण ते वरच्या मजल्यावरचे अभियंते ठरवत. नूमीत स्टॉपवॉच कामगारांच्याच हाती दिलं गेलं. गटातले लोक एकमेकांचं काम मोजत, कुणाची रीत सोपी आणि सुरक्षित आहे ते पाहत, तीच सगळ्यांसाठी लिहून काढत. आणि कुणाला आणखी चांगलं सुचलं की लिहिलेलं बदलत. नियम कडक होता, पण तो बदलण्याचा मार्ग काम करणाऱ्यापासून सुरू होत होता. खरं तर पद्धत ठरलेली असली तरच तिच्यात काय अडतंय ते दिसतं. जो तो आपापल्या मनाने करत असेल, तर चुकलं कुठे हे कसं कळणार? गवयाला सूर लावून द्यावाच लागतो, त्याशिवाय बेसूर ओळखू येत नाही.

कारखाना सोडून जरा रुग्णालयात जाऊ. एमी एडमंडसन या १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये संशोधन करत असताना औषध देण्यातल्या चुकांच्या एका अभ्यासात सहभागी होत्या. त्यांचा अंदाज आपणही केला असता तोच होता: जिथले परिचारिका-डॉक्टर एकमेकांशी मिळून काम करतात, तिथे चुका कमी होत असणार. दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांचे आकडे हाती आले ते बरोबर उलटे. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. पुढे अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला: चांगल्या विभागांत चुका बोलल्या जात होत्या, आणि जिथे प्रमुख परिचारिकेची भीती होती तिथे त्या गिळल्या जात होत्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा व्यवस्थापकांनी अजूनही पुरता अर्थ लावलेला नाही, असं मला वाटतं. ज्या विभागातून कधीच तक्रार येत नाही त्याला आपण आदर्श विभाग म्हणतो आणि त्याच्या प्रमुखाला बढती देतो. तो विभाग खरंच आदर्श असेलही. पण तिथे कुणी दोरीला हात लावायला धजत नसेल, तरी वरच्या कागदावर चित्र अगदी तेच दिसणार.

यावर पहिला आक्षेप येतो तो उत्पादनाचा. प्रत्येकाला थांबवायची मुभा दिली तर काम होणार कधी? आक्षेप पोकळ नाही. ज्या कारखान्यात दोष पराकोटीला गेले आहेत, तिथे पहिल्या आठवड्यात दोरी सारखी ओढली जाईल आणि महिन्याचा आकडा गाठता येणार नाही. पण हिशोब पूर्ण मांडावा लागतो. फ्रीमाँटच्या जुन्या लाइनवर वेळ वाचत नव्हताच, तो दुरुस्तीच्या आवारात खर्च होत होता. एक बोल्ट मिनिटभरात बसला असता, त्यासाठी तिथे अर्धी गाडी उघडावी लागे. शिवाय प्रत्येक खेच ही एक माहिती असते. एकाच जागी आठवड्यात वीसदा दिवा लागला तर तिथल्या माणसाला दोष देण्याआधी त्या जागेची मांडणी पाहिली जाते. दोरी नसती तर ती जागा कुणाच्या लक्षातच आली नसती. आळशी लोक गैरफायदा घेतील ही भीतीही घातली जाते. पण दोरी ओढली की काम चुकवता येत नाही. उलट प्रमुख शेजारी येऊन उभा राहतो. काम टाळणाऱ्या माणसाला नेमकं हेच नको असतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. बोल्ट कसा बसवावा यातल्या छोट्या सुधारणा ठीक, पण मोठे शोध असे लागतात का? त्यांना वेगळी बुद्धी, वेगळी प्रयोगशाळा, एकांत लागतो. अशा शोधांसाठी पैसा आणि स्वातंत्र्य लागतं हे मला पूर्ण मान्य आहे. ट्रान्झिस्टर सूचनापेटीतून निघाला नाही. तरीही मोठ्या समजल्या जाणाऱ्या कितीतरी शोधांचं मूळ शोधलं तर तिथे कुणाची तरी वैतागलेली हाक सापडते. १९२० च्या दशकात ‘थ्री एम’ ही अमेरिकन कंपनी मुख्यतः पॉलिश पेपर विकत होती. तिच्या प्रयोगशाळेतला रिचर्ड ड्रू हा तरुण नमुने घेऊन एका मोटार रंगवण्याच्या गॅरेजमध्ये गेला असताना तिथे रंगारी शिव्या देत होते. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा फॅशन होती, आणि पहिल्या रंगावर लावलेला कागद काढताना त्याच्याबरोबर रंगही निघून येई. त्या शिव्यांशी ड्रूचा काही संबंध नव्हता; तो पॉलिश पेपरचा माणूस. पण त्याने ते काम मनावर घेतलं. वरिष्ठ विल्यम मॅकनाइट यांनी त्याला ते सोडून नेमून दिलेल्या कामाला लागायला सांगितलं, तरी तो थांबला नाही. नंतर यंत्रासाठी पैसे नाकारले गेले, तेव्हा शंभर डॉलरपर्यंत खरेदी स्वतःच्या सहीने करण्याचा जो अधिकार त्याला होता, तो वापरून त्याने नव्याण्णव-नव्याण्णव डॉलरच्या ऑर्डरी काढून यंत्र उभं केलं. १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली आणि १९३० साली पारदर्शक सेलोटेप. मॅकनाइट यांना हे कळलं तेव्हा त्यांनी ड्रूला काढून टाकलं नाही. पुढे १९४८ साली त्यांनी आपलं धोरण लिहून ठेवलं: अधिकार खाली द्यावा लागतो, तो दिला की माणसं चुका करणार, आणि चूक झाल्यावर वरचे लोक तुटून पडले तर पुढाकार मरतो. या गोष्टीत शंभर डॉलरचा तो अधिकार मला सर्वांत बोलका वाटतो. रक्कम क्षुल्लक, पण ती खर्च करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आपल्याकडे पाचशे रुपयांचा एक फिक्श्चर करून पाहायचा तर किती सह्या लागतात, हे प्रत्येक कारखान्याने एकदा मोजून पाहावं.

तिसरा आक्षेप आपल्याकडे हमखास ऐकू येतो: हे जपानी लोकांना जमतं, ती संस्कृतीच वेगळी. फ्रीमाँटचे कामगार जपानी नव्हते, एवढं उत्तर पुरे व्हावं. पण इतिहास याहून पुढे जाऊन बोलतो. १९५० साली टोयोटात पैशांची चणचण झाली, कामगार कमी करायचे ठरले, मोठा संप झाला, आणि अखेर हजारांहून जास्त लोक गेले तेव्हा खुद्द किइचिरो तोयोदांनीही राजीनामा दिला. सलोखा त्या कंपनीच्या रक्तात होता असं नव्हे; भांडण झाल्यावर, राहिलेल्यांची नोकरी सांभाळण्याच्या बोलीवर तो कमावला गेला. त्याच सुमारास कंपनीचे अधिकारी अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहायला गेले आणि तिथली सूचना देण्याची योजना पाहून आले. १९५१ साली त्यांनी ती आपल्याकडे सुरू केली. म्हणजे ज्याला आपण जपानी संस्कृती म्हणतो, त्यातला एक मोठा भाग अमेरिकेतून आणलेला आहे. उलट अमेरिकेतच त्याची नक्कल फसलीही. जनरल मोटर्सने नूमीचे धडे लॉस एंजेलिसमधल्या आपल्या व्हॅन नाइस कारखान्यात नेण्याचा प्रयत्न केला. दोरी तिथेही आली. पण ती ओढली की वरचे लोक चिडत, आणि कामगारांना वाटे की या गट-पद्धतीच्या आडून माणसं कमी करायची आहेत. १९९२ साली तो कारखाना बंद झाला. दोन्हीकडचे लोक एकाच राज्यातले, एकाच कंपनीची आणि एकाच संघटनेची सवय असलेले. दोरी ओढल्यानंतरचं मिनिट मात्र वेगळं होतं.

आणि आपल्या देशात हे जमलेलं नाही असंही नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या अग्निबाणाचं पहिलं उड्डाण झालं आणि ते बंगालच्या उपसागरात संपलं. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनी नंतर आपल्या भाषणांतून सांगितलं आहे, की उड्डाणाच्या अगदी तोंडावर संगणकाने प्रक्रिया रोखून धरली होती, कारण नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. सोबतच्या तज्ज्ञांनी काळजीचं कारण नाही असं सांगितलं, आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. यंत्राने दोरी ओढली होती आणि माणसांनी ती सोडवली, असं म्हणता येईल. नंतर जे घडलं ते या प्रकरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचं आहे. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांना स्वतः सामोरे गेले आणि अपयश आपल्याकडे घेतलं. आत, बंद दारामागे, कारणांचा कसून शोध झाला; दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला दोष सापडला. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारचा अग्निबाण रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत पोचला, आणि त्या दिवशी धवन यांनी कलामांना पत्रकारांसमोर पाठवलं. हे औदार्य म्हणून आपण अनेकदा ऐकलं आहे. मला त्यात कारभाराची नेमकी जाण दिसते. बाहेर बळी दिला गेला असता, तर आत कुणीही खरं बोललं नसतं, आणि गळती कुठून झाली हे अकरा महिन्यांत कळलं नसतं. माणसाला सुरक्षित वाटू देणं म्हणजे ढिलेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या चौकशीकडे पाहावं. तिथे दोषाला सूट नव्हती. जाहीर नाचक्कीपासून मात्र माणसांना संरक्षण होतं.

बक्षिसांविषयी थोडक्यात. सूचना हव्यात तर पैसे लावा, हा सोपा मार्ग दिसतो. तेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली ७२ तरुण लेखकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कविता लिहिण्याआधी काही जणांना पैसा, नाव, नोकरी अशा कारणांच्या यादीवर पाच मिनिटं विचार करायला लावलं. कवींच्या परीक्षक मंडळाला त्यांच्या कविता इतरांपेक्षा फिक्या वाटल्या. यावरून कामगारांना पैसेच देऊ नयेत असा अर्थ काढणं लबाडी ठरेल. सूचनेने कंपनीचे लाख रुपये वाचत असतील तर त्यातला वाटा मागणं हा हक्क आहे. फक्त त्या बक्षिसाने माणूस बोलू लागेल, ही समजूत चुकीची आहे. ज्याचं म्हणणं ऐकलं जातं, ज्याच्या सूचनेचं काय झालं हे आठवडाभरात त्याला कळतं, आणि नाकारली तर का नाकारली हेही सांगितलं जातं, तो पुन्हा बोलतो.

खुद्द टोयोटाची गोष्टही डाग नसलेली नाही. २००९-१० मध्ये कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि आपण फार वेगाने वाढलो, असं अध्यक्ष अकिओ तोयोदा यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे मान्य केलं. नूमी तर राहिलीही नाही: २००९ साली जनरल मोटर्स दिवाळखोरीत जाऊन भागीदारीतून बाहेर पडली आणि १ एप्रिल २०१० रोजी शेवटची गाडी बाहेर पडून कारखाना बंद झाला. चांगल्या पद्धतीने धंदा बुडत नाही, असा दावा मी करणार नाही. बाजार, भागीदार, डॉलरचा भाव यांवर दोरीचं काही चालत नाही.

मात्र नूमीच्या करारातलं एक कलम पुणे-चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात वाचायला हवं. कंपनी संकटात आली तरी आधी व्यवस्थापनाचे पगार कापले जातील, बाहेर दिलेलं काम आत आणलं जाईल, आणि दुसरा मार्ग उरला नाही तरच कामगार कमी केले जातील, असं त्यात होतं. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा हे कलम कसाला लागलं. आपल्या लाइनवर आज कायझेनचे, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांचे, फलक आहेत, भागांच्या छायाचित्रांसह ‘आधी’ आणि ‘नंतर’ लावलेले, आणि त्यातली कितीतरी कामं खरोखर हुशारीची असतात. पण त्याच लाइनवर कंत्राटी आणि शिकाऊ मुलं उभी असतात. २४० दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’, म्हणजे नोकरीत सक्तीचा खंड, मिळणार हे त्यातल्या अनेकांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. परभणीहून किंवा बीडहून आलेला असा मुलगा दिवसाचे आठ तास त्या जागी असतो. जिग कुठे घासतोय, कोणत्या पेटीतले भाग आधीच वाकडे येतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. सुधारणेने दोन माणसांचं काम एका माणसात होणार असेल, तर ती सुचवणं म्हणजे त्याने स्वतःच्याच ब्रेकची तारीख अलीकडे आणणं आहे. फॉर्म इंग्रजीत असेल तर तो कुणाकडून तरी लिहून घ्यावा लागेल, आणि सूचना अमलात येईल तेव्हा तो दुसऱ्या गेटवर असेल. अशा माणसाच्या गप्प राहण्याला उदासीनता म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. १९८८ साली फ्रीमाँटला लाइनचा वेग कमी केला गेला, जास्तीच्या लोकांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामांना लावलं गेलं, आणि एकालाही घरी पाठवलं गेलं नाही. दहा हजार सूचना आल्या त्या यानंतर, तीन वर्षांनी.